कोंबडा न घेणारा तलाठी

"तुला पटायचं न्हाई, सत्यशीले. आजवर कुनालाच पटलं न्हाई," असं म्हणत भिमाजीमामानं तलाठी ऑफिसाबाहेरच्या बाकड्यावर मांडी घातली. जामखेड तालुक्यात पाऊस पडत नाही तेवढ्या थापा या बाकड्यावर पडतात, आणि त्यातल्या बहुतेक मामाच्या असतात.

सत्यशीलेचं लक्ष गोष्टीत नव्हतं. नवरा वारल्यापासून ती जमिनीच्या उताऱ्यावर आपलं नाव लागायची वाट बघत होती. उद्या पहाटे टोळीचा ट्रक ऊसतोडीला काष्टीकडं निघणार. मग ती सहा महिने फडात, आणि दीर इकडं जमिनीपाशी. आज नाव लागलं तर लागलं. म्हणून तिनं काखेत कोंबडा आणला होता, लाल तुऱ्याचा, पाय बांधलेला. तलाठ्याकडं रिकाम्या हातानं जाणं म्हणजे नारळावाचून नवस फेडायला जाण्यासारखंच.

मामाची नजरही कोंबड्यावरच होती. सकाळपासून त्याच्या जिभेवर रस्सा घोळत होता.

तर मामा सांगू लागला, की हा नवा तलाठी काही घेतच नाही. चहासुद्धा घरून थर्मासात आणतो. गावाला आधी वाटलं, माणूस आजारी आहे. बायडाबाईनं दृष्ट काढली, बजरंग भगतानं अंगारा लावला, तरी फरक नाही. परत आलेले कोंबडे गावात इतके वाढले, की सगळे एकदम आरवले की सूर्य दचकून पुन्हा उगवायचा. एका दिवसात दोनदा उजाडलं, आणि रोजगार हमीच्या मुकादमानं हजेरीही दोन दिवसांची लावली.

शेवटी भ्रष्टाचाराचं मूळ शोधायला वरून समिती आली. गावानं सांगितलं, मूळ म्हणजे हे कोंबडेच. समितीनं कसून तपास केला, दुपारी भाकरीबरोबर आणि रात्री भाताबरोबर. निघताना ढेकर देऊन लिहून दिलं, की पुरावा आढळला नाही.

सत्यशीला हसली नाही. "दोनदा उजाडलं आसंल, मामा. पन तलाठी घेत न्हाई?"

"न्हाई घेत. उलट बगितला तर खवळंल, कागद फेकून दील. ठिव हितं माज्यापाशी, सांभाळतो."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. विचार करायला सवड नव्हती. कोंबडा मामाच्या मांडीवर ठेवून ती आत गेली. मामानं इकडंतिकडं बघितलं, कोंबडा गोणपाटाच्या पिशवीत सारला आणि पिशवी बाकड्याखाली ढकलली.

ती लगेच बाहेर आली. हातात उतारा, उताऱ्यावर तिचं नाव, खाली सही-शिक्का. तोंड मात्र उतरलेलं. तलाठ्यानं बसा म्हटलं, सही केली, या म्हटलं; बाकी काही नाही. असं फुकटात लागलेलं नाव टिकतं का कुठं? दीर नुसत्या चहापाण्यावर पुसून टाकायचा.

ती कोंबडा मागणार हे ओळखून मामा आधीच बोलला. शिपाई मागल्या दारानं आला आणि साहेबासाठी घेऊन गेला, म्हणून तर काम झालं. आत्ताच सांगितलेली गोष्ट यानं उलटी होत होती, पण मामाला त्याची फिकीर नव्हती. आपलीच गोष्ट, पुन्हा सुलटी करता येते.

आणि नवल असं, की सत्यशीलेचा चेहरा उजळला. डोक्यावरची मोळी उतरावी तशी ती बाकड्यावर टेकली.

"घेतला नव्हं? मग पक्कं," म्हणाली, आणि उताऱ्याची घडी करून तिनं कमरेला खोचली.

मामालाही भरून आलं. एवढ्याशा कोंबड्यात एका बाईला केवढं समाधान दिलं आपण.

तेवढ्यात बाकड्याखालून बांग आली, खणखणीत. मामा मोठ्यानं खोकला. कोंबडा त्याहून मोठ्यानं आरवला. सत्यशीलेनं वाकून पिशवी ओढली, लाल तुरा बघितला, आणि कमरेचा उतारा काढून आत तलाठ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोटं बोल्लात, मामा. सायबानं कोंबडा घेतलाच न्हाई. म्हंजी माजं नाव बी लागलंच न्हाई की."