उलट्या दिशेची गाडी

"आज गाडी नाही, इवासेसान. पुढे रुळांचं काम चाललंय," स्टेशनवरचा कर्मचारी तोकुनागा म्हणाला.

"काल वारा होता म्हणालात. परवा सिग्नल. कसली रेल्वे चालवता तुम्ही?"

बाकीचं सगळं विसरणाऱ्या इवासेंना नेमकं हे आठवत असे. त्यांच्यामागे एक गाडी येऊन माणसांनी गच्च भरून गेली, तिकडे मात्र त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बॅग मांडीवर ठेवून ते बाकावर बसले.

मिनोदाई हे टेकडीवरच्या वस्तीचं स्टेशन. सकाळी अख्खी टेकडी इथून शहरात ओतली जाते. तोकुनागा हातातल्या चिमट्याने तिकिटं कापायचा, तेव्हापासून इवासे या दारातून ऑफिसला जात. दोघांची ओळख मान हलवण्यापुरतीच. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी इवासेंचं मन भरकटू लागलं आणि ते पुन्हा टाय बांधून स्टेशनवर येऊ लागले.

त्यांची बायको फुमिए एकदा येऊन कमरेत वाकून म्हणाली होती, "घरात अडवलं की रडतात हो. तुमच्याकडे बसले की शांत होतात. गर्दी सरेपर्यंत लक्ष ठेवाल?"

तेव्हापासून तोकुनागा रोज एक नवं कारण शोधी. मग फुमिए येई आणि म्हणे, "अहो, ऑफिसातून फोन आला होता. आज सुट्टी दिलीय." ते उठून तिच्यामागे निघत.

मे महिना सरत आला होता. तोकुनागा एका बाईची बाळगाडी उतरवून देत होता. वर पाहतो तर बाक रिकामा. इवासे समोर उभ्या असलेल्या गाडीत चढले होते, शहराकडे पाठ करून डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत.

तोकुनागा धावला. "इवासेसान, उतरा! ही तुमची गाडी नाही!"

"या, बसा की," इवासे आतून म्हणाले. "जागा आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालीय."

दारं मिटू लागली तसा तोकुनागा आत शिरला.

त्याने हाताखालच्या निशिला फोन लावला. ती हसू दाबत म्हणाली, "मी इथलं बघते. फुमिएसाननाही सांगते. तुम्ही टोपी तेवढी सरळ करा, खिडकीतून वाकडी दिसत होती."

डबा जवळजवळ रिकामा होता. ऊन बाकांवरून सरकत होतं. हळूहळू घरं विरळ झाली, डोंगर जवळ आले. इवासेंना झोप लागली आणि त्यांचं डोकं तोकुनागाच्या खांद्यावर टेकलं. पुढचं स्टेशन आलं. आता उतरून परतीची गाडी धरायची म्हणून तोकुनागाने त्यांना उठवायला हात उचलला. दार उघडलं, ओल्या चिखलाचा वास आत आला. त्याने हात मागे घेतला.

मग भाताची खाचरं लागली. नुकतंच पाणी सोडलेलं होतं आणि त्यात आभाळ उतरलं होतं. गाडी ढगांवरून चालल्यासारखी वाटत होती. याच मार्गावर नोकरी करूनही तोकुनागा इतक्या लांब कधी आला नव्हता.

शेवटच्या स्टेशनात रूळ गवतात शिरून संपत होते. बेडूक ओरडत होते. दोघे बाकावर बसले. इवासेंनी बॅग उघडली. फुमिए रोज त्यांना डबा भरून देई, तो होता. त्यांनी भाताचा एक गोळा तोकुनागाच्या हातावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही दाराजवळचे ना? तिकीट कापायचात."

"हो."

"मी रोज ठरवायचो, आज या माणसाशी चार शब्द बोलायचे. तेवढ्यात गाडी यायची."

"मग आता बोला की. आता कुठली गाडी यायला?"

इवासेंनी खाचरांकडे बघत खूप विचार केला.

"भात छान झालाय," ते म्हणाले.

"छान झालाय," तोकुनागा म्हणाला. दोघे जेवत राहिले.

ते परत आले, तेव्हा फुमिए एप्रनवरच दाराशी उभी होती. डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीचा. "अहो, झालं का काम?"

"आज लवकर आटपलं," इवासे म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी तोकुनागाला आत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं, माफीही मागितली. पुन्हा असं होणार नाही, हे शब्द मात्र काही केल्या त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

पाऊसकाळ संपताना इवासेंचं येणं थांबलं. शरदात त्यांना शहराच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

एका सकाळी फुमिए एकटीच आली. अंगात चांगला कोट होता. गर्दीला वाट देत ती बराच वेळ बाजूला उभी राहिली.

"तोकुनागासान, हसू नका हं. हे कार्ड कुठे टेकवायचं? नेहमी यांच्यामागून जायचे, कधी बघितलंच नाही."

त्याने जागा दाखवली. कार्ड टेकलं, यंत्र वाजलं, ती दचकली.

"परत येताना असाल ना इथे?"

"आहे की."

ती पलीकडे गेली. दोन्ही बाजूंनी माणसं तिला मागे टाकून घाईने वर चालली होती. तिने पर्स छातीशी धरली, कठड्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी चढू लागली.