मला कुजकी म्हणू नका

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअपची केबिन आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी उसासे टाकत, गोड आवाजात सांगतात. मला ते जमायचं नाही. जिच्या पायाखालचा पत्रा गेला आणि वर दोषही तिच्याच माथी मारला गेला, तिने गोड का बोलावं?

कारखान्यात पत्र्याचे तुकडे जोडून मला घडवलं, निळा रंग दिला आणि जाड बोल्टांनी एका दणकट सांगाड्यावर आवळून बसवलं. आमची गाडी चारही चाकांना जोर देणारी. दुसऱ्या गाड्या चिखलात चाकं फिरवत बसायच्या, आणि आम्ही त्यांच्या बाजूने सरळ वर! माझी मालकीण पाण्याचे पंप दुरुस्त करते. डोंगरावरच्या एखाद्या वस्तीत पंप बंद पडला की तिला फोन येतो आणि ती हत्यारं, पाइप, दोरखंड मागे टाकून निघते. सगळे तिला पंपवालीच म्हणतात. डोंगर चढणारी गाडी आहे म्हणून तिचा धंदा आहे. अवघड चढ पार झाला की ती माझ्या डॅशबोर्डवर थाप मारायची, "शाब्बास गं राणी!" मी नुसती फुलून जायचे.

आता तिच्या भावाविषयी. त्याला घरात आणि गल्लीतही सगळे दादाच म्हणतात. नोकरीतून निवृत्त झालेला, शिस्तीचा पुतळा. रोज संध्याकाळी पाइप लावून मला आंघोळ घालायचा, काचा लखलखीत पुसायचा. त्याच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण नुसती माया असून भागत नाही हो, थोडी अक्कलही लागते!

झालं काय, एकदा एक उंदीर माझ्या आत शिरला. त्याने आसनाचा कोपरा कुरतडला आणि पंपवालीच्या डब्यातलं अर्धं जेवण फस्त केलं. दादाने कंबर कसली. जुन्या चपलेचं रबर कापून बुचं केली, माझ्याखाली आडवा झाला आणि दिसेल ते भोक बुजवत सुटला. वरून पुट्टीही थापली. "आता उंदीर काय, मुंगीची टाप नाही आत यायची!" असं म्हणत तो घरभर मिरवला.

मित्रांनो, समोरच्या काचेखाली एक जाळी असते. तिच्यातून बाहेरची हवा आत येते. पाणीही शिरतं, पण ते दोन्ही कडांच्या वाटांनी निमूटपणे जमिनीवर उतरतं. दादाने नेमक्या त्याच वाटा बंद केल्या. मग रोजच्या आंघोळीचं पाणी तुंबायचं आणि डॅशबोर्डखालून माझ्या गालिच्यात उतरायचं. वरची रबरी चटई कोरडी, खालचा गालिचा चिंब. मी आतल्या आत गंजत होते आणि वरून चकाकत होते. कुबट वास यायला लागला तेव्हा या शहाण्याने काय करावं? सुगंधाची बाटली आणून टांगली! वास का येतोय, हे वाकून बघायला कुणाला सवड नव्हती.

आणि एक दिवस ऐन चढावर चालकाच्या आसनाखालचा पत्रा फाटला. आसन मागे कलंडलं, पंपवालीचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी उलटी घरंगळायला लागली. तिने जिवाच्या आकांताने हँडब्रेक खेचला. मागचं चाक दगडाला अडलं म्हणून आम्ही वाचलो. घरी येताच तिने किल्ली दादापुढे टाकली. "ही कुजकी केबिन जीव घेईल माझा," ती म्हणाली. मला ते लागलं, पण तिचं काय चुकलं? ती मरता मरता वाचली होती. संताप आला तो दादाच्या बोलण्याचा. "पत्राच हलका गं पहिल्यापासून. मी एवढं रोज धुतो-पुसतो, तरी बघ कशी निघाली!" चोर तो चोर, वर शिरजोर!

मिस्त्रीने तपासून सांगितलं, "सांगाडा ठणठणीत आहे, इंजिनही. केबिन बदलून टाका. एक आहे माझ्या नजरेत. पण तिला जपा, यानंतर तिसरी मिळणार नाही. हे मॉडेल आता भंगारातही सापडत नाही."

मग माझ्या तारा सुटल्या, स्टीअरिंगचा दांडा निघाला, ब्रेकची नळी उघडली. गंजलेले बोल्ट हटेनात, तेव्हा ते तापवून तोडले. दोन्ही दारांतून पट्टे ओवून मला साखळीने वर उचललं. ज्या सांगाड्याला मी जन्मभर बिलगून होते, तो खाली उघडाबोडका राहिला. त्याच्यावर दुसऱ्या गाडीची पांढरी केबिन उतरवली, आणि मला अंगणात विटांवर ठेवलं. शेजारपाजारचे आले, म्हणाले, "वा, गाडी तरुण झाली की!" माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तेही सोसलं असतं. पण पहिल्याच आठवड्यात दादा नव्या केबिनखाली आडवा झाला. हातात चपलेचं रबर! मी ओरडणार कशाने? हॉर्नची तार केव्हाच कापलेली. रोज संध्याकाळी तिची आंघोळ चालायची आणि इथे माझा तिळपापड व्हायचा.

पुढे माझ्यात पंपाचे सुटे भाग ठेवायचं ठरलं. पंपवाली आत बसून माझ्या डॅशबोर्डचा खण रिकामा करत होती, आणि दादा सवयीने बाहेरून मला धूत होता.

"अगं बाई! दादा, पाणी बंद कर! पाय भिजले माझे!"

"काच वर कर ना मग!"

"काच बंदच आहे रे! डॅशबोर्डखालून येतंय पाणी!"

ती खाली उतरली, वाकली, चाचपडत माझ्या कडेपाशी पोचली आणि एक बूच उपटलं. गढूळ पाणी भळाभळा वाहिलं.

"हे रबर इथे कुणी कोंबलं?"

"मीच. उंदीर यायचा ना..."

"नव्या केबिनलाही?"

तिने धावत जाऊन नव्या केबिनची चटई उचलली, गालिचा पिळला. ओंजळभर पाणी निघालं. पत्र्यावर नुकतीच गंजाची लाली धरली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती केबिनही गेली असती आणि पंपवालीचा धंदाही.

"दादा, मी मागे घसरत होते रे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला वाटलं, संपलं सगळं."

दादा पुन्हा नव्या केबिनखाली आडवा झाला आणि एकेक बूच काढत गेला. तिने त्या वाटांना बारीक जाळी बसवली. उंदीर अडला, पाणी सुटलं. एवढं सोपं होतं ते!

परवा मिस्त्री माझी दारं न्यायला आला. दुसऱ्या कुणाला हवी होती. "दारं झकास आहेत," तो म्हणाला, "बाकी केबिन कुजकी."

दादा पुढे झाला. "कुजकी म्हणू नका तिला. चांगली धडधाकट होती. मी तिच्या वाटा बुजवल्या आणि वर नाव तिचंच खराब केलं."

दारं गेली. राग गेला का, म्हणाल तर पुरता नाही गेला. पण अंगणातल्या चार माणसांत ते वाक्य बोललं गेलं आणि मी ते ऐकलं.

मित्रांनो, घडवणाऱ्याने ठेवलेली वाट बुजवण्याआधी ती कशासाठी आहे ते विचारा. आणि कुणाला कुजका, आळशी, बिनकामाचा म्हणण्याआधी जरा वाकून त्याच्या पायाखालचा गालिचा उचला. तो ओला निघाला, तर आधी आपल्याच हातात पाण्याचा पाइप नाही ना, ते बघा.