गयेला सोडलेला भोपळा

सुमतीआत्यानं दिवेलागणीला तुळशीचं पाणी अण्णांच्या नव्या बुटात ओतलं, तेव्हाच मला कळलं की माझं कल्याणला जाणं आता काही खरं नाही.

कल्याणच्या एका शाळेत पौषातल्या एका रविवारी संध्याकाळी वक्तृत्व स्पर्धा होती आणि आमच्या डोंबिवलीच्या शाळेतून मुलींमध्ये एकटी मी निवडले गेलेले! गेल्या वर्षी वर्गात कविता म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जायचा नाही. आता विचारा कुणालाही. पण अण्णांची अट होती, "ताई सोबत असेल तरच." आईचे दिवस तोवर भरत येणार, म्हणजे उरली एकटी आत्या, अण्णांची थोरली बहीण. परतताना काळोख होणार आणि सोबतीण ही अशी!

"आत्या, तुला संध्याकाळचं दिसत नाही का गं?"

"दिसतं की! बल्बच मेला मिणमिणता."

मग अण्णांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा आहे, अजून वेळ गेलेली नाही, शार्क माशाच्या लिव्हरचं तेल घ्या. बाटली घरात आली, आत्यानं वास घेतला आणि चिमट्यात धरून ती मोरीबाहेर नेऊन ठेवली. चिमट्यात! वर आंघोळ केली.

मी म्हटलं, हरकत नाही. आमच्या वर्तकबाईंनी विज्ञानाच्या तासाला नुकतंच शिकवलेलं, केशरी-पिवळ्या भाज्यांत आणि हिरव्या पाल्यात कॅरोटिन असतं, त्याचं पोटात गेल्यावर अ जीवनसत्त्व होतं आणि ते डोळ्यांना लागतं. मासा कशाला हवा?

"आत्या, गाजर खा."

"गाजर मी काशीला सोडलं."

"मग पपई?"

"प्रयागला सोडली."

"लाल भोपळा?"

"गयेला."

"अगं मग पालेभाजी तरी!"

"पाल्यानं माझ्या पोटात वारा धरतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. ही बाई यात्रेला गेलेली की डोळे घालवायला? ज्या ज्या वस्तूत म्हणून कॅरोटिन, ती ती हिनं नेमकी तीर्थाला सोडून दिलेली.

आईचीही तीच तऱ्हा, निराळ्या रीतीनं. गाजरं स्वस्त झाली की चकत्या करून गच्चीवर कडक उन्हात वाळवायची. चार दिवसांत त्या पांढुरक्या पडायच्या. "रंग गेला म्हणजे गुणही गेला, आई! सावलीत वाळव, झाकणाच्या डब्यात ठेव. आणि भाजी उघडी टाकून रटरटा शिजवू नकोस, झाकण ठेव."

"तुझ्या बाईंना म्हणावं, या माझ्या चुलीपुढे," आई म्हणाली. पण झाकण ठेवलंन.

माझी मैत्रीण शकू कोपर गावची. त्यांच्या ओसरीवर वाडीतले लाल भोपळे शिंक्यात टांगलेले असतात. न कापता ठेवला तर भोपळा महिनोन्महिने टिकतो, आतून तसाच केशरी. मी तिला सगळं सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली.

"आमचे घरा देवाला कोंबरा देतान. तुमचे घरा भोपला?"

"हस तू! माझी स्पर्धा बुडतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं भला मोठा भोपळा डोक्यावरून आणून आमच्या ओट्यावर आदळला. आत्यानं त्याच्याकडे पाहून असं नाक मुरडलं, की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आत्या, तुला भोपळा आवडायचा?"

"शी! गिळगिळीत मेला."

"गाजर?"

"उग्र लागतं."

"पपई?"

"तिचा वासच नको."

"आत्या! तीर्थाला आवडीची वस्तू सोडायची असते ना? तू नावडत्या सोडल्यास! देवाला फसवलंस!"

मी जरा जास्तच मोठ्यानं बोलले असेन. अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. आत्याचा चेहरा गोरामोरा झाला. ती उठून देवघरात गेली आणि जेवायलाच आली नाही. मला इतकं वाईट वाटलं, की स्पर्धा गेली खड्ड्यात असंही वाटून गेलं.

सकाळी ती देवांपुढे पळीभर पाणी ताम्हनात सोडून बाहेर आली. "झाली फेड. तिन्ही परत घेतली आणि चहा सोडला."

चहा! दिवसातून चारदा, आलं घालून पिणारी ही बाई! अण्णा म्हणाले, "ताई, अगं निदान एक कप..."

"देवाशी घासाघीस करू मी?"

त्या दिवसापासून भोपळा साजूक तुपात, झाकण ठेवून. गाजराची कोशिंबीर, वर तेलाची फोडणी, कारण स्निग्ध पदार्थाबरोबरच कॅरोटिन अंगी लागतं. आत्या प्रत्येक घास औषधासारखा गिळायची आणि तोंडाचा पट्टा चालू. मिठाला चव नाही, पमीचं, म्हणजे माझं, हस्ताक्षर घाण, शेजारच्यांचं बाळ भलत्या वेळी रडतं. चहाच्या वेळा आल्या की आम्ही घरातून पळायचो. मला तर वाटायचं, हिला आंधळीच राहू द्यायला हवं होतं! (नाही, खरंच नाही.)

महिना उलटला आणि एका तिन्हीसांजेला पाणी सरळ तुळशीत पडलं. अण्णांनी बूट मात्र तरीही आत नेले.

स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. बाहेर पडलो तेव्हा कल्याणच्या रस्त्यावर चांगलंच अंधारलेलं. मी बक्षिसाचं पुस्तक कवटाळून हवेत चालत होते, तोच आत्यानं माझं कोपर खेचलं.

"शेण आहे! डोळे कुठायत तुझे?"

मला मिठीच मारायची होती तिला. पण पुढच्या वळणावर एक हॉटेल होतं आणि आल्याच्या चहाचा घमघमाट सुटलेला. आत्या थबकली. एक लांब श्वास घेतला. मग वळली माझ्याकडे.

"पहिला आला असता," ती म्हणाली. "मधेच भराभरा बोललीस. आणि हात काय हलवत होतीस, कावळे हाकल्यासारखी?"

डोंबिवलीच्या घराच्या दारापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही.