बाबांच्या नावावर सूट

दातांच्या डॉक्टरांना भाव करता येत नाही असं कोणी म्हणू नये. एक दाढ काढायला आलेल्या माणसाला तीन दाढांवर कॅप बसवून घ्यायला लावणारे हे गृहस्थ, बोलण्यात कोणाला हार जाणार? पण त्या लाल स्पोर्ट्स कारपुढे त्यांची मात्रा चालेना. दुसऱ्या शोरूमचं कोटेशन दाखवून झालं, "मग राहू द्या" म्हणत दारापर्यंत जाऊन परत येऊन झालं. सेल्सच्या मॅडम आपल्या हसतमुख, पण जागच्या हलायला तयार नाहीत.

"सर, या गाडीवर सूट नसतेच. मॅनेजर देऊ शकतात, पण तेही काही खास कारण असेल तरच."

खास कारण म्हटल्यावर डॉक्टरांनी मान वळवून पाहिलं. बाबा दोन गाड्या सोडून पलीकडे एका बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. आता नजर अधू झाली होती, तरी इंजिन ऐकल्याशिवाय गाडी घ्यायची नाही म्हणून हट्टाने सोबत आले होते.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे अजून कोणाला बोललो नाही. बाबांच्या पोटाचे रिपोर्ट गेल्या महिन्यात आले. फार दिवस नाहीत हातात. त्यांना सांगितलेलं नाही. मुलाच्या अशा गाडीतून एकदा फिरायचं, एवढंच त्यांच्या मनात आहे."

आता रिपोर्ट आले होते हे खरं, पण त्यात पित्तापलीकडे काही नव्हतं. बोलताना डॉक्टरांच्या घशाशी आवंढासुद्धा आला, आणि तो इतका वेळेवर आला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण तोंडातून गेलं ते गेलंच.

मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या आणि दहा मिनिटांनी बारा टक्के सूट घेऊन बाहेर आल्या. वर बाबांसाठी स्वतः खुर्ची आणली, पाणी आणलं, "काका, दमलात का" म्हणून विचारलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि ग्लासभर पाणी सावकाश पिऊन टाकलं.

चेकबुक घरी राहिलं होतं. ते आणायला दोघे जुन्या गाडीतून निघाले. सिग्नलपाशी बाबा म्हणाले, "किती दिवस म्हणालेत रे?"

"गाडीला? विचारायचंच राहिलं."

"मला."

सिग्नल हिरवा झाला तरी डॉक्टरांचा पाय ब्रेकवरच राहिला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. नुसत्या कानाने ढिला नट हुडकणाऱ्या माणसाला दोन गाड्यांपलीकडचं बोलणं ऐकू जाणार नाही, असं यांनी कोणत्या अकलेने धरलं होतं कोण जाणे.

गाडी कडेला घेऊन त्यांनी सगळं ओकलं. थाप मारली बाबा, निव्वळ भाव पाडायला थाप मारली. तुम्ही ठणठणीत आहात. आईची शपथ घेऊन झाली. मोबाईलवर रिपोर्ट उघडून समोर धरला, तर बाबांना ती बारीक अक्षरं दिसेनात. वाचून दाखवला, तर म्हणाले, "वाचणारा तूच ना."

मग त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू डॉक्टर आहेस. लपवावं लागतं, कळतं मला. तुझ्या आईच्या वेळी मीही तिला कळू दिलं नव्हतं. पण चार पैसे वाचवायला जित्या बापाला मरणाच्या दारात उभं करशील, असा तू नाहीस. तेवढं ओळखतो मी माझ्या पोराला."

तसला पोरगा हाच, इथे शेजारी बसलाय, हे बापाला पटवायचं तरी कसं? डॉक्टरांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी गाडी वळवली.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या, बाबांचा दंड धरून, उभ्याउभ्याच ते म्हणाले, "मॅडम, मी मघाशी खोटं बोललो. बाबांना काहीही झालेलं नाही. मला सूट नको. पूर्ण किंमत लावा."

मॅडमनी बाबांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे असं पाहिलं, की जणू समोर देवमाणूसच उभा आहे. "हो तर, सर. काकांना काय होणार आहे? चांगले खणखणीत दिसताहेत. किमतीचं आपण बघू नंतर."

"मी खरंच सांगतोय."

"समजलं मला, सर. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही..." त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि त्यावर बारा टक्के वजा करूनच रक्कम लिहिली.

"परकी पोर, पण किती सांभाळून घेतेय बघ," बाबा हळूच म्हणाले.

"लाल गाडीला सहा आठवडे लागतील," फॉर्म भरता भरता मॅडम म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

बाबांनी बोटांवर आठवडे मोजले. मग त्यांनी विचारलं, "तयार कुठली आहे?"

"पांढरी आहे, काका. परवा देता येईल."

"मग पांढरीच द्या. रंगाचं काय एवढं."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. पण आता ते जे काही बोलतील, ती या दोघांना मायाच वाटणार होती. त्यांनी पांढऱ्या गाडीच्या फॉर्मवर सही केली.