पांढऱ्या पंखांचे आठ दिवस

मित्रांनो, माझ्या अंगावर आज बोटभर धूळ आहे आणि डाव्या पंखात चिमण्यांनी घर केलंय, तरी मी विमानच आहे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे एक इंजिन आणि दोन माणसांना बसायला दोन खळगे, एवढाच माझा संसार. माझा जन्म परमुलखातला. एका मोठ्या सैन्याने मला लढाईसाठी बनवलं. ते सैन्य हरून माघारी निघालं तेव्हा मला कौनास शहराबाहेरच्या मैदानात, चिखलात टाकून गेलं. जाताना कुणी मागे वळून पाहिलं नाही.

लिथुआनिया हा छोटासा देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. नव्या देशाला सगळंच नवं लागतं, टपालाच्या तिकिटांपासून पोलिसांच्या टोप्यांपर्यंत. हवाई दलही लागतं. सापडली ती विमानं गोळा झाली. आम्ही पाच जण होतो. दोघांना इंजिन नव्हतं, आणि उरलेल्या तिघांत धड असा फिरता पंखा एकच. सकाळी तो ज्याच्या नाकावर बसवायचे, तो त्या दिवसापुरता लिथुआनियाचं हवाई दल!

आम्हाला सांभाळणारा माणूसही एकच होता, मोतिएयुस मिस्त्री. विमानाच्या कारखान्यात काम केलेला सगळ्या तळावर तो एकटा. दोन हिवाळे उघड्यावर राहून माझं कापड कुजलं होतं. परदेशातून नवं यायची आशा नव्हती. मग मोतिएयुसने चर्चमधल्या पाद्रीबाबांना सांगितलं, प्रार्थनेनंतर लोकांना विचारा, विमानासाठी कुणी घरचं कापड देईल का? घरचं म्हणजे जवसाच्या दांड्यांतून काढलेल्या सुताचं. तिथे घरोघरी माग होता. एवढं सांगून मोतिएयुस तापाने आडवा झाला आणि त्याला इस्पितळात नेलं. साथीचा ताप होता, आत कुणाला सोडत नव्हते. कापड कसं हवं, हे सांगायचं राहूनच गेलं.

आणि मित्रांनो, तिथल्या बायकांना ते विचारावंसंही वाटलं नाही. त्या मुलखात मुलगी दहा वर्षांची झाली की स्वतःच्या लग्नाची पेटी कापडाने भरायला लागते. विणलेलं कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं, हिरवळीवर दवात पसरायचं, पुन्हा उकळायचं. ज्या घरचं कापड जास्त पांढरं, त्या घरची मान जास्त ताठ. मागावरून उतरलेलं राखाडी, राठ कापड फक्त पोत्यांसाठी. देशाच्या विमानाला पोत्याचं कापड द्यायचं? छे! बायकांनी आपापल्या पेट्या उघडल्या.

सर्वांत पांढरं कापड आणलं पेत्रोनेलेबाईंनी, चांगलं चाळीस हात. त्यांचा मुलगा स्तेपोनास हा माझा वैमानिक. आणि सून बार्बोरा तळाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिची पाच महिन्यांची उर्शुले माझ्या पंखाखाली टोपलीत झोपलेली असे.

"तीस वर्षं पेटीत जपलं," पेत्रोनेलेबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या अंगाला नाही लावलं. टाके नीट घाल, सूनबाई. लोक खालून बघतील."

"आई, खालून टाके दिसत नाहीत."

"मला दिसतात."

बार्बोराने तीन आठवड्यांत मला शिवून काढलं. वर उग्र वासाचा लेप चढवला. लेप वाळला की कापड आवळतं, असं मोतिएयुसने तिला शिकवलं होतं. मी राजहंसासारखा पांढरा झालो. गावोगावची माणसं गाड्या जोडून मला बघायला आली. खोटं कशाला सांगू, मलाही आपण फार देखणे आहोत असं वाटू लागलं. स्तेपोनास मला नदीपर्यंत एक छोटी फेरी मारून घेऊन आला, तेव्हा सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

बार्बोरा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. मी उतरल्यावर ती आली आणि तिने पंखावर तळहात टेकवला. उर्शुलेच्या कपाळावर दिवसातून वीसदा टेकवायची, अगदी तसाच. कापड दबलं आणि दबलेलंच राहिलं.

"हे उशीसारखं लागतंय," ती म्हणाली. "ढोलासारखं लागायला हवं."

"तुला सगळ्यांतच ताप दिसतो," स्तेपोनास हसला. "परवा कोंबडी शिंकली म्हणून उठून बसलीस."

"कोंबडी मेली की नाही?"

"म्हातारी होती गं ती!"

पण ती खरंच बोलत होती. नदीवर वारा लागला तेव्हा माझ्या पंखांच्या पाठीवरचं कापड फुगून फडफडलं होतं. मला सांगता येत नव्हतं. विमानाचं हेच दुःख असतं, मित्रांनो. दुखतं कुठे, ते दुसऱ्याने ओळखावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी बार्बोरा मुलीला कडेवर घेऊन इस्पितळाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. तिथे काय झालं ते तिने नंतर इतक्यांदा सांगितलं की मला पाठ आहे.

"काका! पंख झाले!" ती खालून ओरडली.

"शाबास! कापड कसं मिळालं?"

"दुधासारखं पांढरं!"

मोतिएयुसने खिडकीतून डोकं आणखी बाहेर काढलं. मग, "धुतलेलं?"

"राखेच्या पाण्यात! सात वेळा!"

"अगं, मग त्यात राहिलं काय?" मोतिएयुस एवढ्याने ओरडला की नर्सने त्याला मागून धरलं. "राखेने सुताचा जीव जातो! आणि आधीच आटलेलं कापड लेपाने काय आवळणार? कोरं लाव, कोरं! पोत्याचं! स्तेपोनासला सांग, विमान वर नेऊ नको म्हणावं!"

ती धावत तळावर आली. रविवारी मोठा सोहळा होता. मंत्री येणार होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून सूर मारून दाखवणार होतो. तळाचे कप्तान वैतागलेलेच होते. "तापातल्या माणसाचं ऐकून मी मंत्र्यांना परत पाठवू? विमान उडालं की नाही काल?" स्तेपोनासलाही ते पटलं. नवरा म्हणून नाही, पण वैमानिक म्हणून त्याला मागे हटायची लाज वाटत होती. आणि पेत्रोनेलेबाईंनी तर सुनेशी बोलणंच टाकलं. तीस वर्षं जपलेल्या कापडाला नावं ठेवलेली कुणाला सहन होतील?

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले होते. बार्बोरा आत आली. तिने उर्शुलेची टोपली दूर, भिंतीशी ठेवली. मग मोठी कात्री घेतली, माझ्या उजव्या पंखाच्या टोकाशी टोचली आणि सरळ मुळापर्यंत कापत आली. मग डावा. कात्री कुठे वाकडी गेली नाही. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. इंजेक्शन दुखतं तेवढं दुखलं.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! कप्तानांनी तिला जागच्या जागी कामावरून काढलं. स्तेपोनास कापलेल्या कडा एकमेकींना जुळवून बघू लागला. पेत्रोनेलेबाई दारातून आल्या, फाटलेल्या कापडाचा काठ हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या कापडात खोट आहे ना? मग सगळ्यांसमोर दाखव. टांग त्याला वजन."

छताच्या वाशाला दोन पट्ट्या बांधल्या, एकाच रुंदीच्या. एक माझ्या पंखाची पांढरी, एक पिठाच्या पोत्याची. दोन्हींना बादल्या अडकवल्या आणि बार्बोरा एकेक दगड टाकू लागली. नवव्या दगडाला पांढरी पट्टी फाटली, बादली दाणकन खाली. उर्शुले दचकून रडायला लागली. पोत्याच्या पट्टीला वीस दगड झाले. मग दगडच संपले.

पेत्रोनेलेबाईंनी नातीला उचलून छातीशी धरलं. "मी माझ्या पोराला यात गुंडाळून पाठवत होते," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग मूल सुनेच्या हातात दिलं, बाहेर जाऊन गाडीला घोडा जुंपला आणि गेल्या.

रविवारी मंत्र्यांनी माझा उघडा सांगाडा पाहिला. वर्तमानपत्राने लिहिलं की आपलं हवाई दल बरगड्या मोजण्याइतकं तयार आहे. मला फार लाजल्यासारखं झालं. लेप बसलेलं ते सुंदर कापड आता पायपुसण्याच्याही कामाचं नव्हतं. माझं राजहंसपण जेमतेम आठ दिवस टिकलं. पण सोमवारी सकाळी फाटकाशी अकरा गाड्या उभ्या होत्या. पहिलीवर पेत्रोनेलेबाई होत्या, आणि सगळ्या गाड्यांत राखाडी, राठ, कोऱ्या कापडाचे गठ्ठे. पोत्यांसाठी ठेवलेलं सगळं त्यांनी गावागावांतून मागून आणलं होतं. मोतिएयुस काठी टेकत इस्पितळातून आला तो थेट कप्तानांपुढे. म्हणाला, "ती नसेल तर मीही परत जातो. तिथलं सूप बरं होतं." बार्बोराला कामावर घेतलं.

पुढच्या महिन्यात मी मळक्या उंदराच्या रंगाचा होऊन उडालो. नदी ओलांडली, जंगलं ओलांडली, वाऱ्यात कापड ढोलासारखं घुमत राहिलं. त्यानंतर आठ वर्षं मी टपाल नेलं, नकाशे काढणाऱ्यांना नेलं, नव्या मुलांना उडायला शिकवलं. स्तेपोनास प्रत्येक वेळी जमिनीवर परतला. मग धातूची विमानं आली आणि मला या कोठारात ढकललं. त्याचा राग नाही मला. फक्त आता कुणी येऊन कुठे दुखतं ते बघत नाही, याची सवय अजून झालेली नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही कुणी असेल, जी निघता निघता तुमच्या बुटाची नाडी ओढून बघते, सायकलचा ब्रेक दाबून बघते, गळ्याला हात लावून बघते. तुम्हाला घाई असेल. मित्र बाहेर हाका मारत असतील. तिला हसा हवं तर, पण तिचा हात झटकू नका. घटकाभर थांबा आणि तिला बघून घेऊ द्या.