दादाजी मिस्त्रींचे कान

वडशाच्या दादाजी मिस्त्रींना हल्ली ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या गावापासून लपवली होती. बायकोपासूनसुद्धा. केसरबाईचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, त्यामुळे तिला पत्ताच लागला नाही. चाळीस वर्षं इंजिनाच्या धडधडीत डोकं घातल्यावर कान शाबूत राहतील तरी कसे? पण मिस्त्रींचं नाव होतं ते कानावरच.

गावातल्या निकेशने त्याच्या आजोबांची जुनी मोटार मिस्त्रींकडे आणली, एका रांगेत सहा सिलिंडरची. त्याला ती पळवायची होती. मिस्त्रींनी इंजिनाचं हेड घासलं, दोन कार्बोरेटर चढवले. "ताकद वाढवनं सोपं हाय," ते म्हणाले, "पन सारा मार खाते तो क्रँक, इंजिनातला फिरता दांडा. त्याले तडा असन अन् वेगात तुटला, त चाकं जागीच जाम होतेत."

मग क्रँक तारेने आढ्याला टांगून त्यांनी पितळी हातोडीने ठोकला. ठोकल्यावर कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. धड क्रँक घंटेसारखा वाजत राहतो, तडकलेला नुसता ठक म्हणतो. मिस्त्रींना यातलं काहीच ऐकू आलं नाही. लाजेपायी विचारलं नाही; अंदाज घ्यायला त्यांनी निकेशच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसला.

"पास," मिस्त्री म्हणाले. निकेशला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो बिचारा सवयीने हसला होता.

आज सकाळी बायको मयुरी आणि लहान लेकीला बसवून निकेश त्याच मोटारीने हेमलकशाला निघाला. दुपारी जेवण वाढता वाढता केसरबाईने विचारलं, "दुसरा क्रँक कुठी भेटला हो? तो टांगलेला त ठक वाजला होता. मी चहा घेऊन दारातच होती."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "मंग काऊन बोलली नाई?"

"तुमीच त म्हनता, ठोकल्यावर कोनी बोलाचं नाई!"

त्यांनी निकेशला फोन लावला, कानाशी घट्ट दाबला. वाजतोय की बंद आहे, पलीकडे कोणी बोलतंय की नाही, काही कळेना. पुन्हा लावला. हेमलकशाच्या वाटेवर आलापल्लीच्या पुढे जंगलात रेंज नसते, हे त्यांना ठाऊक होतं. इतकं असहाय त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. शेवटी सगळी लाज गिळून त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

"मले आयकू येत नाई, केसर. वर्ष झालं. तू आयक."

तिने फोन कानाला लावला. मिस्त्री तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

केसरबाई हसली नाही.