न ओवलेले मणी

दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची वस्ती, आणि तिथल्या बालवाडीत प्रेरणाताईंनी आज शिवानीला दोरीत मणी ओवायला दिले होते. एकही ओवला गेला नाही, सगळे सांडले. पोरीला समज कमी आहे, पहिलीत घालू नका, असं सांगून ताईंनी माझ्या हातात तसा संमतीचा कागद दिला. उद्या त्यावर सही करून तो परत न्यायचा होता.

शिवानी माझी सहा वर्षांची लेक. चालता चालता पडते, तांब्या उचलला की सांडते. म्हणून मी तिला कशाला हातच लावू देत नाही, तिचं बटणसुद्धा मीच लावते. पण समज कमी? माझं डोकं सणकलं. आणि खोटं कशाला बोलू, ताईंचं खरं निघालं तर, ही भीतीही होती.

संध्याकाळी मोरी, ढवळी आणि बाकीच्या शेळ्या चरून आल्या. करडं आम्ही दिवसभर डालग्यांखाली, पालथ्या मोठ्या टोपल्यांखाली कोंडतो, आणि आई समोर आली की तिचंच करडू सोडतो. माझं चित्त त्या कागदात. रागाच्या भरात मी सगळी डालगी एकदमच उचलली. चौदा करडं सैरावैरा सुटली. दांडगी मिळेल त्या आचळाला लागली, शेळ्या ढुशा देऊ लागल्या, आणि मी नुसतीच इकडून तिकडं पळत राहिले.

"आये, त्ये पांढऱ्या कानाचं मोरीचं न्हाई, ढवळीचं हाय," उंबऱ्यावरून शिवानी म्हणाली. "मोरीचं तुज्या मागं हाय. बारक्याला आदी पाज, सकाळी त्याला दूध पुरलं न्हाई."

ती सांगत गेली, मी धरत गेले. चौदाच्या चौदा आपापल्या आईला लागली. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले.

"ह्ये ताईंना का न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. मणी ओव म्हनल्या."

मी तरी कधी विचारलं होतं? कागद सहीविना परत न्यायचा, हे तिथंच ठरलं. तिच्या झग्याचं बटण सुटलं होतं. सवयीनं माझा हात पुढं गेला, तो मी मागं घेतला. ती स्वतःच चाचपडू लागली. चुलीवरचं कालवण करपल्याचा वास आला, तरी बटण लागेपर्यंत मी उठले नाही.